लिहिता हात मागं जात नाही

मारोतरावांचा बाप कुही तालुक्यातल्या एका गावचा गायकी, म्हणजे गावची गुरं राखणारा, होता. सकाळी घराघरातली जनावरं गावाबाहेरच्या आखरावर जमायची आणि तिथून रानाकडं निघायची, तेव्हा बाप वाटेकडेच्या दगडावर उभा राहून ती मोजायचा. धुळीतून दोन-अडीचशे जनावरांचा लोंढा जायचा, पण बापाची मान हलत नसे. एकदा लहानग्या मारोतीनं मध्येच विचारलं, "बाबा, पाटलाची पांढरी कालवड गेली का गा?" बाप मोजतच राहिला. शेवटचं वासरू पुढं गेल्यावर म्हणाला, "गेली ते गेली. समोर येऊन राहिली तिच्याकडं पाहावं. मागं पाहशीन तर दोन हुकतीन."

बापानं लेकाला दिलेली इस्टेट एवढीच. मारोतरावांनी ती जन्मभर वापरली.

सन त्रेसष्ट साली ते नागपुरात आले आणि कोळसा रवाना करणाऱ्या एका कंपनीच्या यार्डात नंबर टिपायच्या कामाला लागले. उमरेडकडून, वणीकडून कोळशाच्या मालगाड्या यायच्या. माणूस चालतो त्या वेगानं गाडी यार्डात शिरायची आणि रुळाच्या कडेला उभं राहून प्रत्येक डब्याच्या अंगावरचा आकडा वहीत उतरवायचा, हे ते काम. ऐकायला हलकं वाटतं. पण एका गाडीला पन्नास-साठ डबे, दर डब्यावर पाच-सहा आकडी नंबर, अंगावर कोळशाची काजळी आणि डोळ्यांवर विदर्भाचं ऊन. एक डबा वहीतून सुटला तर तो यार्डातल्या चौदा रुळांत असा हरवायचा की महिना महिना सापडायचा नाही, आणि तिकडं कुठल्यातरी वीजघराची भट्टी त्याची वाट बघत राहायची.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मोठी चूक केली. एका गाडीतले डबे पुढं वेगवेगळ्या रुळांवर वाटले जायचे आणि साहेबाला वही रुळांप्रमाणे लागे: पहिल्या रुळावरचे डबे पहिल्या पानावर, दुसऱ्यावरचे दुसऱ्या. मारोतराव गाडी चालू असतानाच पानं उलटून योग्य जागी लिहायला गेले. एका गाडीत सात डबे सुटले. साहेबानं चारचौघांत झाडलं. घरी आले ते जेवेनात.

त्यांची बायको पुष्पलता चुलीपुढं भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजी, भाकर तव्यावर असताना मी भांडे लावत बसली तर भाकर जळन का नाही?"

"जळन."

"मंग पहिले भाकरी टाकून घ्याव्या. भांडे मागून लावावे."

दुसऱ्या दिवसापासून दोन वह्या झाल्या. एक कच्ची: डबा येईल त्या क्रमानं ओळीखाली ओळ, पान उलटायचं ते फक्त भरलं म्हणून. खाडाखोड नाही, वर जाऊन दुरुस्ती नाही. काही चुकलं तर शेवटी नवी ओळ. दुसरी पक्की: गाडी थांबल्यावर निवांत बसून रुळांप्रमाणे लावलेली. कच्च्या वहीत कार्बन घातलेला असे. कार्बनची प्रत सायकलवाला रामदासपेठेतल्या मोठ्या ऑफिसात नेई आणि तिथली सही घेऊन परत येई. ती सही आल्याशिवाय मारोतराव कच्च्या वहीचं पान मिटलेलं मानत नसत. नवीन पोरं कामाला आली की ते एकच वाक्य सांगत, "लिहिता हात मागं जात नाही, बाप्पा."

बावीस वर्षं गेली. त्या बावीस वर्षांत त्यांचा एकही डबा सुटला नाही. रुळावर पंजा टेकून ते सांगत, गाडी भरलेली की रिकामी आणि किती दूर. यार्डात भांडण लागलं की कोणीतरी म्हणायचं, "मारोतरावची वही काढा," आणि भांडण मिटायचं.

मग पंच्याऐंशीच्या माघात यार्डात कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी नवी खोली बांधली, तीही रुळांना लागून. आत भर उन्हात पौषातली थंडी. मशीनबरोबर लतिका मॅडम आल्या. नागपूरच्या महाल भागातल्या, बापजाद्यांपासून लेखणीवर जगणाऱ्या घरातल्या, वय सव्वीस, नोकरी अजून कच्ची. त्यांनीच मारोतरावांना खोली दाखवली. कमरेएवढ्या उंच तीन पेट्या ओळीनं उभ्या होत्या, धान्याच्या कोठ्यांसारख्या. मॅडमनी एका काचेसारख्या झाकणाखालची चकती दाखवली. एक कुठं, तपकिरी थाळ्यांची उतरंडच होती ती.

"ही डिस्क. पेटीत बसवली की सेकंदाला साठ फेऱ्या घेते."

"सेकंदाले? साठ?" मारोतराव म्हणाले. "आनि लिहिते कोन त्याच्यावर?"

"थाळीच्या वर एक हेड तरंगतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर. टेकत नाही कधी. टेकलं तर सगळं खरवडून निघेल."

मारोतरावांचे हात आपोआप जोडले गेले. फिरत्या चाकावर, न टेकता, अंधारात लिहिणारा हात! आपण बावीस वर्षं ज्याचा अभिमान धरला, ते या पेटीनं पोटात घालून ठेवलं होतं.

मॅडमनी पुढचंही समजावलं. डबा आला की मशीन आधी ती गोष्ट एका सरळ ओळीत टिपून घेतं. तिला लॉग म्हणायचं. मग ती पक्क्या जागी मांडतं. आणि लॉगमधली प्रत्येक ओळ टेलिफोनच्या तारेवरून रामदासपेठेतल्या दुसऱ्या मशीनकडं जाते. इथं उद्या आग लागली तरी तिथं सगळं जसंच्या तसं.

"म्हंजे कच्ची वही, पक्की वही आनि सायकलवाला," मारोतराव म्हणाले.

मॅडम हसल्या. "अगदी तेच, काका. मला हे शिकायला दोन वर्षं लागली."

पण यार्डाचे साहेब वामनराव यांनी कागद काढला होता आणि तो साऱ्यांना ठाऊक होता. मशीन चाचणीत उतरलं तर हातानं लिहायची वही बंद. मारोतराव भांडारात, साखळ्या आणि कंदील द्यायला. मशीन उतरलं नाही तर मशीनच दुसऱ्या यार्डाला जाणार, आणि लतिका मॅडमची कच्ची नोकरी तिथंच संपणार. मशीनचा निकाल लावायचा तो मारोतरावांच्या वहीशी ताडून.

पहिली चाचणी चैत्रात झाली आणि फसली. बाहेर चार जण डब्यांचे आकडे फोनवर सांगत होते, आत आठ कारकून बटणं दाबत होते. सकाळभर सगळं लोण्यासारखं चाललं. दुपारी इटारसीकडची लाइन मोकळी झाली आणि तीन गाड्या एकामागं एक शिरल्या. दुसऱ्या गाडीच्या मध्यावर कारकुनांपुढचे पडदे थिजले. कारकून बटण दाबून बसले, बाहेरचे फोनवर ओरडत राहिले. एकोणीस डबे सुटले.

मारोतराव पान द्यायला खोलीत आले तेव्हा तिसरी गाडी नुकतीच थांबली होती, पण तुंबलेलं काम मशीन अजून उरकत होतं. पहिल्या पेटीपाशी ते सवयीनं थांबले आणि रुळावर टेकतात तसा पंजा तिच्यावर टेकला. पेटी थरथरत होती. धड एका लयीत नव्हे. पुढं झेप, मागं झेप, पुढं, मागं. जसा कोणी माणूस हातातलं काम टाकून दर घटकेला घराच्या दुसऱ्या टोकाला पळतो आहे. दुसऱ्या पेटीवर हात ठेवला. ती शांत. तिसरी तर झोपलेलीच.

त्यांना पहिला उन्हाळा आठवला. सुटलेले सात डबे आठवले. या पेटीचं दुखणं त्यांच्या हाताला ओळखीचं होतं.

संध्याकाळी कवडू बरोबर चालत होता. कवडू सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलून देणारा. वीस वर्षांचा जोडीदार. त्याला न सांगताच समजलं.

"तुले काहीतरी ठाव आहे, मारोतराव."

"आहे."

"मंग चुप बस. रिटायर व्हाले दोन वर्षं राहिले तुये. मशीन गेली का वही आपली, यार्ड आपलं. काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतं गा?"

"आनि ते पोरगी?"

"शिकेल-सवरेल आहे ते. तिले सत्रा नोकऱ्या भेटतीन. तू भांडारात कंदील पुसशीन, तेव्हा कोन येऊन राहिलं तुले पाहाले?"

घरी आल्यावर मारोतरावांनी पुष्पलताबाईंना पेटीची थरथर सांगितली. बाई तांदूळ निवडत होत्या.

"म्हंजे ते मशीनबी तुमच्यासारखीच येडी हाय," त्या म्हणाल्या. "तव्यावर भाकर ठेवून भांडे लावून राहिली."

"हो नं."

"तुमाले मी सांगतलं तवा मी तुमच्याकून काही घेतलं होतं का?"

मारोतराव हसले. पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

सकाळी लतिका मॅडम त्या थंड खोलीत शाल पांघरून कागदांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. डोळे सुजलेले. "काका, हिशेब चुकतच नाही हो. दिवसाला सतराशे डबे. एका डब्यामागं हेड चाळीस उड्या मारतं. सरासरी काढली तर सेकंदाला एकसुद्धा उडी होत नाही. आणि पेटी सेकंदाला वीस मारू शकते. जागा म्हणाल तर लॉगला पाहिजे त्याच्या दसपट आहे."

"मॅडम, राग नका मानू. दिवसाले सतराशे डबे कधी आलेच नाही."

"म्हणजे?"

"दिवसभर यार्डात कुत्रं झोपते. मंग तीन गाड्या एकावर एक येते. आठ-नऊ मिनिटांत एकशे साठ-पासष्ट डबे. तुमी त्या आठ मिनिटांचं सांगा. बाकीच्या दिवसाचं कोनाले काय करा लागते?"

मॅडमनी पेन उचललं. एका मिनिटात वीसवर डबे; नुसत्या डब्यांच्याच सेकंदाला तेरा-चौदा उड्या. त्यावर दर ओळीला लॉगच्या जागी जाणं, परत येणं, आणि तार त्याच लॉगमधून वाचते त्याच्या वेगळ्या. आकडा पंचवीस-सव्वीसवर गेला. पेटीचा जोर वीस. पेन थांबलं.

"लॉग कोन्या पेटीत आहे?" मारोतरावांनी विचारलं.

"पहिल्या. डेटाबरोबरच. तिथं जागा होती म्हणून..."

"ते पेटी काल मागंपुढं धावून राहिली होती. म्या हात लावून पाह्यला. तिसरी झोपली होती. कच्ची वही पक्कीच्या पोटात काहून ठेवली? तिले तिची पेटी द्या. तिच्यात दुसरं काहीबी नको. ओळीखाली ओळ. लिहिता हात मागं जात नाही."

लतिका मॅडमनी लगेच नवा कागद ओढला. नंतर त्या पुष्कळांना सांगत, की एवढ्या जाड पुस्तकांत होतं ते सगळं, पण पुस्तक हातानं पेटी चाचपत नाही.

त्या दिवशी दोघं दुपारपर्यंत बसले. मॅडम विचारत आणि मारोतराव यार्डातलं सांगत. सायकलवाला कच्ची वही उघडून बघतो का? नाही, त्याच्यासाठी कार्बन असतो. तो उशिरा आला तरच वही उघडायची. मग तारेलाही ओळ ताजी असतानाच मशीनच्या आठवणीतून द्यायची, ती मागं पडली तरच पेटीत शोधायचं. पान केव्हा मिटायचं? तिकडची सही आल्यावर. मग लॉगही रामदासपेठेची पावती आल्याशिवाय पुसायचा नाही. आणि तारच तुटली तर किती वेळ साठवावं लागेल?

"अकरा तास," मारोतराव म्हणाले.

"इतकं नेमकं?"

त्यांनी जुन्या वह्या आणून दाखवल्या. समासात बारीक अक्षरात यार्डाचा फोन बंद पडल्याच्या वेळा होत्या. बावीस वर्षांत सर्वांत मोठा खंड एकाहत्तरच्या वैशाखातला, वावधनात, म्हणजे वादळात, खांब पडले तेव्हाचा. अकरा तास. मॅडमनी दीड दिवसाची जागा धरली, तिसरी पेटी लॉगला दिली आणि कागदाखाली सही करायच्या आधी तो कागद मारोतरावांना वाचून दाखवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, कीर्तन ऐकावं तसा.

दुसरी चाचणी वैशाखात ठरली. सकाळपासून ऊन नुसतं ओतत होतं. अकराच्या सुमारास वावटळ उठली आणि रामदासपेठेची तार गेली. वामनराव घड्याळाकडं बघत म्हणाले, "झालं का सुरू?" मॅडम म्हणाल्या, "लिहिणं चालू आहे, सर. तार आली की जाईल."

बारा वाजता तीन गाड्या आल्या.

मारोतराव थंड खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, पाय रुळापासून चार हातांवर. नजर डब्यांवर, पेन्सिल वहीवर. पहिली गाडी गेली. दुसरी शिरली. पलीकडं चार जण आकडे सांगत होते, एकाचाही आवाज चढत नव्हता. आणि तेव्हा त्यांच्या पाठीला जाणवलं. भिंतीपलीकडं बरोबर तिसरी पेटी होती, आणि भिंत गुणगुणत होती. झेप नाही, धाव नाही. एकच सूर. भरलेली मालगाडी दूर सपाटीवर धावते तेव्हा रूळ असा गातो. ही पेटी त्यांच्याच डब्यांचे आकडे लिहीत होती, त्याच क्रमानं, त्याच घडीला, ओळीखाली ओळ. बाप दगडावर उभा आहे, शेजारी आपण उभे आहोत आणि आणखी कोणीतरी तिसरं, न दिसणारं, आपल्याबरोबर मोजतं आहे, असं त्यांना वाटलं. अंगावर काटा आला. भर वैशाखात.

पेन्सिल परत चालू झाली. तिसरी गाडी संपली. गाड्या जोडून तासाभरात पुढं रवानाही झाल्या.

तीन वाजता वामनरावांनी टेबलावर दोन्ही याद्या ठेवल्या. मशीनची एकशे पासष्ट. वहीची एकशे चौसष्ट.

दुसऱ्या गाडीत, एकतिसाव्या जागेवर, मशीनकडं एक डबा जास्त होता.

"म्हणजे मशीननं नसलेला डबा लिहिला," वामनराव म्हणाले.

"सर, तो कारकुनानं टाइप केलाय," लतिका मॅडम म्हणाल्या. "बाहेरून सांगितल्याशिवाय तो कसा..."

"बाहेरचा चुकला असेल, आतला चुकला असेल. डबा तर गेला निघून, बघणार कुठं? आणि रामदासपेठेची यादी म्हणाल तर नक्कल मुळासारखीच चुकणार." त्यांनी वहीवर हात ठेवला. "बावीस वर्षं या वहीत चूक निघालेली नाही. मी वही धरणार."

दारात कवडू उभा होता. त्यानं मारोतरावांकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. बोलू नको.

मारोतरावांना वाटलं, बोललो नाही तर कोणाला समजणार आहे? वही राहील. नाव राहील. यार्डात पुढली वीस वर्षं लोक सांगतील, मशीन हरली पण मारोतरावांची वही हरली नाही. ते उभे राहिले.

"साहेब, मशीन बरोबर आहे. डबा म्या सोडला."

"काय?"

"भिंत गाऊन राहिली होती," ते म्हणाले, आणि हे कसं सांगावं ते त्यांना समजेना. "पाठीमागं ते पेटी लिहून राहिली होती. मी ऐकाले लागलो. मन मागं गेलं माह्यं. एक डबा समोरून निंगून गेला. हे पाहा." त्यांनी वही उलटली. तिसाव्या ओळीनंतर पेन्सिलीची एक छोटीशी रेघ होती, आकडा सुरू करून सोडल्यासारखी. "गेला ते मले समजलं होतं. मागं जाऊन काय लिहू? म्हनून पुढं लिहिलं."

"मारोतराव, तुम्हाला माहीत आहे ना, ही यादी मान्य केली तर तुमची वही..."

"माहीत आहे जी."

वामनरावांनी ती रेघ डोळ्यांजवळ धरून बघितली. मग खुर्चीत मागं टेकले. "बावीस वर्षांत पहिली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी मशीनच्या यादीवर सही केली.

कवडू दारातूनच बोलला, "आता पुस कंदील, लेका." पण त्याचे डोळे ओले होते.

मारोतरावांनी पेन्सिल घेतली. एकतिसाव्या जागी घुसडायला ते वर गेले नाहीत. पानाच्या शेवटी, नव्या ओळीवर, मशीनच्या यादीतून बघून तो आकडा लिहिला आणि पुढं लिहिलं: सुटलेला, मशीनवरून घेतला. खाली नाव घातलं.

लतिका मॅडम जवळ आल्या. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "काका, ही वही मला द्याल? माझ्याजवळ ठेवीन."

"देतो नं. पन आता नाही."

"का हो?"

"रामदासपेठची सही कुठी आली अजून?"

तार अजून बंदच होती. मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. बाहेर ऊन उतरत गेलं. मारोतरावांनी तिसऱ्या पेटीवर पंजा ठेवला. ती सगळं पोटात धरून शांतपणे फिरत होती, दीड दिवस धरायची तिची तयारी होती. साडेपाचला तार जोडून खांबावरचा माणूस खाली उतरला. पेटी किंचित हलली. पुढं काही वेळानं टेलिफोन वाजला आणि रामदासपेठेतून कोणीतरी म्हणालं, "पोचले. एकशे पासष्ट."

मारोतरावांनी पान मिटलं आणि वही मॅडमच्या हातात दिली.